कोटावरची कपबशी

भिंगारच्या बाजारात माझं दुकान आहे. ट्रॉफ्या, ढाली, दारावरच्या पाट्या, रबरी शिक्के आणि कोटाला लावायचे बिल्ले. पहिल्या चारांवर घर चालतं, पाचव्यावर माझी मिजास चालते. एखादा बापडा शिक्का करून घ्यायला येतो, सहज काचेतल्या बिल्ल्यांकडे बघतो आणि फसतो. मी स्टूल पुढं करतो, चहा मागवतो आणि सव्वा इंचाच्या गोलात चित्र बसवणं ही काय चीज आहे यावर त्याचं डोकं खातो. तो माणूस शिक्का घेऊन जातो तो पुन्हा आमच्या बोळातून फिरकत नाही.

पण खरंच, बिल्ला दिसतो एवढासा आणि छळतो फार. दोन रंगांच्या मध्ये धातूची बारीक रेघ उभी लागते, नाहीतर रंग एकमेकांत उतरतात. रेघ फार बारीक काढली तर साच्यात उठत नाही, जाड काढली तर मोराची म्हैस होते. मी आधी कागदावर काढतो, मग कॉम्प्युटरवर, मग साच्यासाठी मुंबईला पाठवतो आणि माल कुरिअरनं येईपर्यंत बायकोशी नीट बोलत नाही. बाळंतपणाची वाट बघणाऱ्या बापासारख्या येरझाऱ्या घालतो. दोन बाळंतपणं मी खरोखर बघितलीत आणि तेव्हा एवढ्या घातल्या नव्हत्या, हे बायको चारचौघांत सांगते.

शेजारच्या छावणीतली फौजेची मंडळी येतात त्यांचं काम सोपं. ते नमुना घेऊन येतात, मी जसाच्या तसा करून देतो, ते शाबास म्हणतात आणि ती शाबासकी आपल्या कल्पकतेला मिळाली असं समजून मी घरी येतो. जिथं खरोखर स्वतःचं डोकं चालवलं तिथला इतिहास वेगळा आहे. एका शाळेसाठी मी उघडं पुस्तक आणि त्यातून उठणारी ज्ञानाची ज्योत काढली. ज्योत इतकी जोरकस आली की मुख्याध्यापकांनी बिल्ला हातात घेऊन शांतपणे विचारलं, पुस्तक कुणी पेटवलं? एका भजनी मंडळाला वीणा काढून दिली, तिला मंडळी अजून लाटणं म्हणतात. पण माझ्या मिजाशीला कधी ओरखडा म्हणून गेला नाही. लोकांना दृष्टी नाही, असं म्हणून मी मोकळा व्हायचो.

तर अशा या माणसाच्या पुतणीचं लग्न ठरलं.

आमचं गाव मिरजगावच्या अंगाला. थोरला भाऊ, म्हणजे दादा, तिथं शेती बघतो आणि शेतीपेक्षा जास्त राजकारण बघतो. वहिनीचं माहेरही त्याच गावातलं, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचं. तिला एकच धाकटा भाऊ. पोरं त्याला मामा म्हणतात म्हणून आम्हीही सगळे मामाच म्हणतो. मागच्या ग्रामपंचायतीला हा मामा समोरच्या पॅनेलकडून उभा राहिला, निवडून आला आणि दादा पडला. दादा म्हणायचा, मेव्हण्यानं पाडलं. मामा म्हणायचा, दाजींना मतं मागायची अक्कल नाही त्याला मी काय करू. हे दोघंही दुसऱ्यांपाशी म्हणायचे. एकमेकांशी बोलणं त्या दिवसापासून बंद झालं ते झालंच.

यात भरडली गेली वहिनी. दादानं तिला माहेरी जायला कधी तोंडानं मना केलं नाही. फक्त एकदा म्हणाला होता, जायचं तर खुशाल जा, पण परत यायचं का ते तिथूनच ठरवून ये. त्यानंतर ती गेली नाही. भाऊबीजेला जिला भाऊ नसतो ती बाई चंद्राला ओवाळते. वहिनीला भाऊ होता. त्याच्या ओसरीतला दिवा आमच्या अंगणातून दिसायचा. आणि तरी ती अंगणात पाट मांडून, त्या दिव्याकडे पाठ करून चंद्राला ओवाळायची. मी एका दिवाळीला ते बघितलं आणि मला ते बघवलं नाही. आत जाऊन मी टीव्हीचा आवाज मोठा केला, माझ्याच्यानं तेवढंच झालं.

कोंडी फोडली ती पुतणीनं. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा घेऊन येतो आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभा राहतो. पोरगी स्कूटी काढून सरळ ओढ्यापलीकडे गेली आणि मामाला म्हणाली, तू पाठीशी नसलास तर मी अंतरपाटासमोर उभी राहणार नाही. मामा विरघळला. त्यानं एकच अट घातली, लग्नात राजकारण नको. दादाही म्हणाला, येऊ दे, मी मात्र बोलायचा नाही. एवढ्यानंही वहिनीचा चेहरा पालटला. बायको गावी जाऊन आली ती मला सांगत होती, तुमची वहिनी भाकरी थापताना गुणगुणते आहे हो. भाऊ येणार, डोळ्यांपुढं उभा राहणार, जमलंच तर दोघं दोन शब्द बोलतील, एवढ्यावर त्या बाईचा जीव टांगलेला होता. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. मलाही होतं.

मी काकाच्या नात्यानं जाहीर केलं की पाहुण्यांना टॉवेल-टोपीऐवजी प्रत्येकाला खास या लग्नासाठी काढलेला बिल्ला द्यायचा आणि तो माझ्याकडून. टॉवेल-टोपीचं काय होतं हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. ती या लग्नातून त्या लग्नात फिरत राहते, घडीसुद्धा मोडत नाही. बिल्ला माणसाच्या छातीवर राहतो. दादा म्हणाला, कर काय करायचं ते. पुतणी म्हणाली, काका, साधं एक फूल काढा आणि खाली दोघांची अक्षरं. मी नुसता हसलो. फूल आणि अक्षरं काय, कुणीही काढील.

मी तिला समोर बसवलं आणि दोघांचं कसं जमलं ते विचारलं. मुलगा श्रीरामपूरचा, दोघं नगरला एकाच कॉलेजात. हिनं कँटीनमध्ये त्याच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर चहा सांडला, जर्नल पुन्हा लिहून द्यायला लागलं, लिहिता लिहिता जमलं. मी मध्येच विचारलं, कप फुटला का? ती म्हणाली, काका, कागदी कप होता.

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. कागदी कपाला काय शोभा? ना कान, ना बशी. कलावंतानं वस्तुस्थितीच्या किती आहारी जायचं? मी ठसठशीत चिनी मातीची कपबशी काढली. कप नवरा, बशी नवरी. कपातून वाफेच्या दोन रेघा वर गेल्या आहेत आणि वळून दोन्ही बाजूंनी मुंडावळ्यांसारख्या खाली उतरल्या आहेत. मागं हळदीचा पिवळा. त्या वाफेनं माझे चार दिवस खाल्ले, पण काय उतरली होती म्हणून सांगू. मी स्वतःच स्वतःला दोनदा वा म्हणालो. कागदी कपच काढला असता तर पुढचं काहीही झालं नसतं, हे आज लिहिताना माझी मान खाली जाते.

डिझाईन मी कुणाला दाखवलं नाही. आधी दाखवलं की सतराशे साठ सूचना येतात, हा माझा अनुभव. बायकोनं विचारलं, तिलाही नाही. लग्नाच्या दारात खोका उघडायचा आणि सगळ्यांनी थक्क व्हायचं असं मी मनात पक्कं केलं होतं.

माल मुंबईहून निघाला आणि इकडं ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. गावच्या निवडणुकीत मोठ्या पक्षांची चिन्हं नसतात. तहसील कचेरीतून पॅनेलला घरातल्या वापरातली एखादी वस्तू चिन्ह म्हणून मिळते. आणि एकदा मिळाली की ती वस्तू घरात वापरायची सोय उरत नाही. शिट्टी मिळाली तर समोरच्या पॅनेलची बाई कुकर झाकून ठेवते. यंदाही दोघं समोरासमोर उभे होते. मामाच्या पॅनेलला मिळाली छत्री. आणि दादाच्या पॅनेलला मिळाली कपबशी. नंतर मला कळलं की त्या दिवसापासून छत्रीवाले चौकातल्या हॉटेलात काचेच्या ग्लासातच चहा मागत होते आणि कपबशीवाले भर उन्हात उघड्या डोक्यानं फिरत होते. हॉटेलवाल्यानं बिचाऱ्यानं दोन्ही भांडी वेगवेगळ्या टेबलांवर मांडून ठेवली होती.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, एकट्या मला नव्हतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी महिनाभर आधीच बाहेर पडलो होतो. तिथं रोज सकाळी गुलाबाची जी चित्रं येत त्यांची रंगसंगती मला सोसत नव्हती. लग्नासाठीही मी गावात गेलोच नाही. भिंगारहून पहाटे निघालो आणि हायवेवरच्या कार्यालयात थेट उतरलो, मांडीवर खोका घेऊन.

दारात टेबल मांडलं, त्यावर लाल कापड, त्यावर बिल्ले ओळीनं. पहिला आला दादा. त्यानं एक बिल्ला उचलला, निरखला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बिल्ल्याकडे बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, एवढं डोकं तुला हाय हे आजवर कळू दिलं न्हाईस. थोरल्या भावाला शेवटी माझी कला कळली या आनंदात मी त्याच्या जाकिटाला स्वतःच्या हातानं बिल्ला लावला. त्यानं विचारलं, असे आणखी किती करून देशील? मी म्हणालो, तू म्हणशील तेवढे.

दादाला सगळं दिसत होतं. मेव्हणा यायचा आहे, त्याची अट काय आहे, सगळं ठाऊक होतं. पण आपलं चिन्ह अख्ख्या लग्नाच्या छातीवर फुकटात चढतंय म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचेना. त्याला मी मनकवडा वाटलो असणार. मला तो रसिक वाटला. आम्ही दोघं सख्खे भाऊ एकमेकांकडे बघून असे हसत उभे होतो की फोटोग्राफरनं न सांगता फोटो काढला.

मग पाहुणे येऊ लागले. गावची माणसं बिल्ला बघून डोळा मारत होती. लई भारी डोकं लावलं, असं तीन-चार जण कानाशी येऊन म्हणाले. मी प्रत्येकाला नम्रपणे सांगत होतो की वाफेला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते हो हो म्हणून पुढं जात. काहींनी मात्र बिल्ला घेतला, चेहरा कसनुसा केला आणि खिशात टाकला, नंतर लावतो म्हणाले. हे छत्रीवाले होते. मी त्यांना अरसिक समजलो. श्रीरामपूरच्या मंडळींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनी हौसेनं लावून घेतले. नवऱ्याच्या आजोबांनी तर दोन मागितले.

पण माझं खरं दुःख दुसरंच होतं. हा बिल्ला कोटाच्या कॉलरसाठी काढलेला आणि कोट कुणाच्या अंगात नाही. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, नेहरू शर्ट, बंद गळ्याची जाकिटं. नवरदेव शेरवानीत. शर्टाला लावला की वजनानं कापड ओघळायचं आणि माझी कपबशी कलंडायची. बायकांनी पैठणीला भोक पाडायला साफ नकार दिला आणि बिल्ले पर्समध्ये गेले. एका आजोबांनी टोपीला लावून घेतला, तोही उलटा. पोरांनी बिल्ल्याच्या खिळ्याला मागून दाबायच्या पितळी टोप्या काढून गोट्यांसारख्या खेळायला घेतल्या. मी दारात उभा राहून एका कॉलरची वाट बघत होतो. एक, फक्त एक नीट शिवलेला कोट यावा आणि माझा बिल्ला जिथं शोभायचा तिथं एकदा शोभावा.

आणि मामाची जीप आली.

मामा सहा फुटी, रापलेला, आयुष्यभर पायजम्यात वावरलेला माणूस. भाचीच्या लग्नासाठी त्यानं मिरजगावातून कोट शिवून घेतला होता. गडद निळा. रुंद कॉलर. माझे डोळे लकाकले. तो दबकत येत होता, पाच वर्षांनी दाजीच्या कार्यात पाऊल टाकायचं म्हणून घसा खाकरत होता, मागं त्याचे चार-पाच कार्यकर्ते होते, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मी कॉलरकडे बघत होतो. या मामा, या, म्हणत पुढं झालो, डाव्या हातानं कॉलर धरली, उजव्या हातानं खिळा टोचला आणि मागून टोपी दाबून बसवली. एक पाऊल मागं सरकून मान तिरकी करून बघितलं. निळ्यावर पिवळा. सरळ, ताठ. दिवसभरातला पहिला बिल्ला जो जागच्या जागी बसला.

मामानं खाली बघितलं.

"पाव्हनं," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी माझी छत्री छातीवरनं काढून जीपमदी ठिवून आलो. माझ्या मान्सांना बी काढाया लावली. अन् तुमी मला कपबशी लावली?"

मला काही कळलं नाही. मी त्याला वाफ समजावून सांगायला लागलो. या बघा मुंडावळ्या, म्हणालो. मागच्या कार्यकर्त्यांपैकी एकजण म्हणाला, चला माघारी, हे ठरवून केल्यालं काम हाय. मग त्यानंच मला दोन वाक्यांत सांगितलं की छत्री कुणाची आणि कपबशी कुणाची. मी मांडवाकडे बघितलं तर जिकडंतिकडं कपबशा. दादा आता तिकडून वळून आमच्याकडेच बघत होता आणि जागचा हलत नव्हता. मी मामाला म्हणालो, काढतो, लगेच काढतो, पण माझ्या बोटांना ती मागची टोपी सापडेना. शेवटी मामानंच माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचा हात कॉलरकडे नेला. चेहरा दगडासारखा झालेला. हा माणूस आता बिल्ला माझ्या टेबलावर टाकणार, जीपमध्ये बसणार आणि पुन्हा या जन्मी आमच्या दारात यायचा नाही, हे मला स्वच्छ दिसलं. वरच्या मजल्यावर पोरगी नटून बसलेली. आणि वहिनी. वहिनीला मी काय तोंड दाखवणार?

तेवढ्यात वहिनीच जिन्यावरून आली. आली म्हणजे धावतच आली, पदर सावरायचं भान नाही, हातातली कुंकवाची कोयरी तशीच. ती थेट भावाच्या पुढ्यात उभी राहिली, त्या बिल्ल्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले.

"माझ्यासाठी लावलास व्हय रं?" ती म्हणाली. "एवढ्या मान्सांत, माझ्यासाठी?"

मामाचा हात कॉलरवर होता तिथंच थांबला. वहिनीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. पाच वर्षांचं साठलेलं सगळं तिथं दारात, पाहुण्यांसमोर. तिच्या डोक्यावरून मामानं माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मी तेव्हाच नरकात जायला तयार होतो. मग त्यानं कॉलरवरचा हात उचलला आणि बहिणीच्या डोक्यावर ठेवला.

"व्हय, अक्का," तो म्हणाला.

दादानं हे मांडवातून बघितलं. वहिनी म्हणाली तेच त्यालाही खरं वाटलं. मेव्हणा सगळ्या गावासमोर आपलं चिन्ह लावून आला, बहिणीसाठी. दादा वाईट माणूस नाही, हट्टी आहे. तो चालत दारापर्यंत आला, तबकातला फेटा उचलला आणि मामाच्या डोक्याला बांधायला फेटेवाल्याला हाक मारली. मग म्हणाला, मेव्हणं, चला, पोरगी खोळंबलीय. इतक्या वर्षांतलं त्याचं मेव्हण्याशी हे पहिलं वाक्य. मी टेबलाखाली खोका ढकलला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

मामा भाचीच्या पाठीशी मंगलाष्टकं संपेपर्यंत उभा राहिला, निळा कोट, गुलाबी फेटा आणि छातीवर माझी कपबशी. फोटोग्राफरला तो इतका आवडला की त्यानं दर दुसऱ्या फोटोत त्याला घेतलं. संध्याकाळपर्यंत ते फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर पोचले. छत्रीचा उमेदवार, कपबशी लावून.

त्याच्या माणसांनी त्याला फाडून खाल्लं. तो दारातला प्रकार बघणारे चार-पाच कार्यकर्ते सोडले तर कुणाला खरं ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही त्यानं गप्प केलं होतं. भिंगारच्या त्या अर्धवट पाव्हण्यानं नकळत लावला, एवढं एक वाक्य तो बोलला असता तरी पुष्कळ मतं राहिली असती. तो बोलला नाही. गावात एकाला सांगितलं की ओढा ओलांडून बहिणीच्या कानावर जायला किती वेळ? निकाल लागला. दादा निवडून आला आणि मामा पडला.

मी वस्तीवर माफी मागायला गेलो. वाटेत भाषण तयार केलं होतं. मामा गोठ्यात होता. त्यानं बाज दाखवली, बस म्हणाला, चहा सांगितला. भाषणातलं एकच वाक्य मी म्हणालो की माझ्यामुळं तुमचं एवढं नुकसान झालं.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "अक्काला तेवढं कळू देऊ नका. तिला वाटतंय मी आपनहून लावला. तसंच राहू द्या."

मी शपथ घेतली. ज्या माणसाला आपल्या बिल्ल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय रबरी शिक्काही विकता येत नाही, त्या माणसाला त्याच्या एकमेव गाजलेल्या बिल्ल्याबद्दल गप्प बसायचं होतं. बायकोनं सुद्धा खोदून खोदून विचारलं. मी तिला म्हणालो, मामा रसिक आहे.

यंदाच्या दिवाळीला मी गावी गेलो. भाऊबीजेला वहिनी नवं लुगडं नेसून बाहेर आली, हातात रुमालानं झाकलेलं ओवाळायचं ताट. दादा ग्रामपंचायतीच्या कुठल्याशा कामात होता, जेवायला मागनं येतो म्हणाला होता. वहिनी म्हणाली, भावजी, मला ओढ्यापलीकडं सोडा. मी मोटारसायकल काढली. ती मागं बसली, ताट मांडीवर धरून. मला वाटलं, आज मामाचं ऋण थोडं फेडावं, गोष्टीला जरा बळकटी आणावी. मी मान वळवून म्हणालो, वहिनी, मामा माणूस मात्र मोठा. त्या दिवशी मी नको नको म्हणत होतो, त्यानं माझ्या हातातून बिल्ला मागून घेतला बघा.

वहिनी हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी फार वर्षांनी ऐकलं.

"भावजी, मी वर गॅलरीत हुते. तुमी त्याची कॉलर धरून खिळा टोचला, ते बघितलं मी. त्यानं खाली बघितलं, तेबी बघितलं. त्याचा हात वर गेला अन् मंग जिना कसा उतरले माझं मला ठाव न्हाई."

मी गाडी थांबवली. ओढ्यात पाणी होतं, समोर मामाची ओसरी दिसत होती. मी विचारलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि मामाला अजून वाटतंय की तुम्हाला काही माहीत नाही?

"वाटू द्या. त्याला बरं वाटतंय."

मी म्हणालो, पण वहिनी, त्यापायी बिचाऱ्याची सीट गेली.

 मांडीवरच्या ताटावरचा रुमाल तिनं नीट केला.

"गेली. मला ठाव हुतं, जानार म्हनून. जिन्यावर असतानाच ठाव हुतं," ती म्हणाली. "सीट पाच वरसांनी परत येती, भावजी. तो त्या दिवशी जीपमदी बसला असता तर परत आला नसता. चला आता, वाट बघत आसंल त्यो."